तीन कोटेशनं आणि एक रेल्वे

आमच्या घरात मिक्सरसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आलेला नाही. गॅसची शेगडी, मुलीचं कॉलेज, सासूबाईंच्या मोतीबिंदूचे डॉक्टर, गच्चीवर पत्रे टाकणारा वेल्डर, सगळे आधी एका कागदावर तीन रकान्यांत उभे राहिले आणि मग दारातून आत आले. मी वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं खरेदी विभागात आहे. नोकरीतली सवय घरी येताना चप्पल काढावी तशी काढून ठेवता येत नाही, असं मी म्हणते. काढायची इच्छाच नाही, असं घरचे म्हणतात.

एकदा नवऱ्याने जेवताना विचारलं, "मला घेतलंस तेव्हा बाकीचे दोन कोण होते?"

"तुम्ही सिंगल टेंडर होतात," मी म्हटलं. "आणि एकाच पार्टीकडून घेतलं की फाइलवर कारण लिहावं लागतं. ते अजून सुचत नाहीये."

आमच्या कामात नवख्या माणसाची एक ठरलेली चूक असते. तीन भाव येतात. दोघांनी माल आपल्या गेटवर आणून द्यायचं कबूल केलेलं असतं. तिसऱ्याने मात्र भाव सांगितलेला असतो तो त्याच्या गोडाऊनच्या दारातला. कागदावर तिसरा सगळ्यांत स्वस्त दिसतो. मग आपला टेम्पो पाठवा, हमाल शोधा, वाटेत दोन खोकी फुटलेली मोजा, आणि शेवटी तोच सगळ्यांत महाग पडतो. माझ्या हाताखाली एक सहायक आहेत, वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठे, स्वभावाने मवाळ. त्यांना मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकवली आहे की ती त्यांना झोपेतही म्हणता येईल. "भाऊ, हा भाव कुठपर्यंतचा? गेटपर्यंत पोच धरलीय का?" ऑफिसात माझी नक्कल करायची झाली की लोक चष्मा नाकावर ओढून हेच वाक्य म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा अभिमानही होता.

आता रस्त्याकडे येते. आम्ही पुंडलिकनगरला राहतो आणि कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये जालना रोड. मी स्कूटरवरून जायचे. सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, पुढे नगर नाका आणि मग वाळूजचा रस्ता. शहरात उड्डाणपूल आले, पण प्रत्येक पुलाने गर्दी उचलून पुढच्या सिग्नलवर नेऊन ठेवली एवढंच. अखंड पूल होणार, मेट्रो होणार, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. ऐकता ऐकता माझ्या तीन स्कूटर झाल्या.

आणि एक दिवस खरंच कागद आला. शहराच्या वाहतुकीचा आराखडा करणाऱ्या मंडळींनी वाळूजच्या कारखान्यांकडून मतं मागवली होती. जालना रोडवरची गर्दी कमी करायला रुळांवरचे तीन पर्याय होते. पहिला, रस्त्याच्या मधोमध खांब उभारून वरून मेट्रो. दुसरा, खालीच, रस्त्यातली एक पट्टी राखून त्यावर हलकी रेल्वे. तिसरा, आधीपासून शहरातून जाणारा जो रेल्वेमार्ग आहे त्याच्यावरच लहान लहान गाड्या सारख्या ये-जा करायला लावायच्या आणि मध्ये दोन-तीन नवे थांबे द्यायचे, त्यातला एक वाळूजच्या अलीकडे, गोलवाडीजवळ. आमच्या मोठ्या साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, तीन पर्याय आहेत. तुलना करायचीय. हे तुमचंच काम."

शहराच्या भवितव्याचा निर्णय खरेदी विभागाकडे आला होता. त्या संध्याकाळी मी घरी कांदा चिरतानासुद्धा जरा ताठ उभी होते.

मी तक्ता केला. किती लवकर सुरू होईल, रस्ता किती दिवस खणून ठेवावा लागेल, एका गाडीत माणसं किती मावतील, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती वेळ लागेल. खांबावरची मेट्रो दिसायला देखणी, पण खांब उभे राहीपर्यंत जालना रोडचं काय होणार या विचारानेच मला घाम फुटला. खालची रेल्वे रस्ता खाणार, आणि आमच्याकडे राखीव पट्टीत सगळ्यांत आधी भाजीचा गाडा उभा राहतो. तिसरा पर्याय सगळ्या रकान्यांत पुढे होता. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, मुकुंदवाडीचं स्टेशन तर आमच्याच बाजूला. मी तिसऱ्यापुढे लाल पेनाने गोल केला आणि त्याला शिफारस दिली.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण बावीस वर्षांत मी असं एकही टिपण पाठवलेलं नाही ज्याच्या शेवटी कंपनीची बचत दाखवलेली नाही. हात आपोआप चालला. शेवटी मी एक ओळ लिहिली, कोणीही मागितली नसताना: "हा पर्याय उपलब्ध झाल्यास पुंडलिकनगर मार्गावरील कंपनी बसची आवश्यकता राहणार नाही."

आमची जनरल शिफ्टची बस सकाळी पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीसमोर यायची. मी तिच्यात कधी बसले नव्हते. ती कामगारांची बस. तसा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण ऑफिसातलं कोणी तिच्यात चढत नसे.

साहेबांनी चार पानी टिपण वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"उत्तम मुद्दा आहे, मॅडम. रेल्वे येईल तेव्हा येईल. पण या बसचा करार महिनाअखेरीला संपतोय आणि तिच्यात माणसंही निम्मी असतात. सकाळी मुकुंदवाडीला एक पॅसेंजर थांबतेच ना?"

"थांबते," मी म्हटलं.

"मग तुमचा पर्याय आजच थोडाफार सुरू आहे की. तुम्ही आठ दिवस स्वतः करून बघा. जमत असेल तर आपण करार वाढवायलाच नको."

मी "थोडं थांबू या" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते की. त्यात काय?"

सोमवारी मी स्कूटरवरून मुकुंदवाडी स्टेशनवर गेले. स्कूटर लावली, तिकीट काढलं, गाडी आली, चढले. गाडी हलली तेव्हा घड्याळ पाहिलं आणि मोठ्या स्टेशनवर उतरले तेव्हा पुन्हा पाहिलं. मध्ये ना सिग्नल, ना हॉर्न, ना उलट्या बाजूने येणारा टेम्पो. खिडकीशी बसून मी संग्रामनगरचा पूल खालून पाहिला आणि वर अडकलेल्या लोकांची मला मनापासून कीव आली. पुढे स्टेशनपासून वाळूजपर्यंत हिशेब विभागातल्या बाईंनी आपल्या मोटारीतून नेलं, त्या तिकडूनच येतात. वहीत मी वेळ लिहिली आणि पुढे शेरा मारला: "अत्यंत समाधानकारक." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बुधवारी तर शेऱ्याखाली रेघ ओढली.

कारखान्यात मी पॅसेंजरवर बोलू लागले. चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, बोलायला कोणी नसेल तर फोनवर. मी पहिल्यांदाच शहराच्या पोटातून गेले होते आणि आता प्रत्येकाला ते ऐकवल्याशिवाय सोडत नव्हते.

बुधवारी संध्याकाळी आमच्या समोरच्या घरातल्या वहिनी दारात आल्या. या वहिनी आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत, माझ्याआधी दोन वर्षं लागलेल्या. गल्लीत आम्ही शेजारणी. वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचं पातेलं येतं. माझं माहेर लातूरकडचं, त्यामुळे वेळ अमावस्येला, तिकडच्या शेतपूजेच्या सणाला, माझ्याकडून भज्जी आणि आंबील त्यांच्याकडे जाते. त्यांच्या नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर त्यांच्यावर आहे, आणि मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. गल्लीत त्या मला ताई म्हणतात आणि कारखान्यात मॅडम. त्या दिवशी दारात उभं राहून त्या म्हणाल्या,

"मॅडम, हायेत का घरात?"

मी ओळखायला हवं होतं.

"अहो या ना आत. इथं कसलं मॅडम?"

"नाय, उभीच बरी. बसलं की उठताना गुडघा बोंब मारतो. म्हणलं इचारावं, तुमी म्हणं आगगाडीनं जाता आता."

"हो! काय सांगू तुम्हाला, इतकं सुखाचं आहे..."

"लई चांगलं. बसचा डायव्हर म्हणत व्हता, एक तारखेपसून बस बंद. ऑफिसातल्या कोण्या मॅडमनी लिहून देलंय म्हणं, गरज नाय म्हणून."

आतून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कानाला काही झालेलं नाही.

"अहो, तसं नाही. ते रेल्वे आल्यावर..."

"आली नव्हं रेल्वे? तुमी बसून जाता की. म्या म्हणलं मग मला बी न्या उद्या. बगू तरी."

"जरूर चला. मी स्कूटरवर घेते तुम्हाला स्टेशनपर्यंत."

"स्कूटर कशाला? माझ्याकडं हाय का स्कूटर? एक तारखेला मी जशी जाणार तशीच जाऊ. पायी."

त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी शोधलं.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मुकुंदवाडीचं स्टेशन घराजवळ आहे असं मी वीस वर्षं सांगत आलेय. स्कूटरवर ते जवळच आहे. पायी, दुखऱ्या गुडघ्याच्या बाईबरोबर, ते लांब आहे. वहिनी तक्रारीचा शब्द काढत नव्हत्या, तेच मला झोंबत होतं. दर दोन वळणांवर त्या एखाद्या कट्ट्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि निघताना "चला मॅडम" म्हणायच्या. वाटेत गिरणीसमोर आमची बस उभी दिसली. निम्मी रिकामी. ड्रायव्हरने वहिनींना हात केला. वहिनींनीही केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

गल्लीतला एक ओळखीचा रिक्षावाला बाजूला आला. "आओ ना आपा, छोड देतूं. पैदल कायकू जारे?"

"नक्को भाई," वहिनी म्हणाल्या, "मॅडमचं मोजमाप चालू हाय."

स्टेशनवर पोचलो तर त्या दिवशी गाडी पलीकडच्या फलाटावर. तीन दिवस अलीकडे आली होती, त्यामुळे दोन फलाटांच्या मध्ये एक जिना असतो हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. वहिनींनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती पायऱ्या हायेत, लिवलंय का वहीत?"

"नाही."

"लिवा."

त्या एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढल्या. मी त्यांच्या मागे, हातात दोन डबे आणि दोन पर्सा. पायऱ्या मी मोजल्या, पण आकडा आता आठवत नाही, कारण अर्ध्यात गाडी फलाटाला लागल्याचा आवाज आला आणि माझं मोजणं चुकलं. गाडी आम्हाला मिळाली. मिळाली म्हणजे आतून दोघा प्रवाशांनी वहिनींना हात देऊन ओढून घेतलं आणि शेवटी मी डब्यांसकट आत पडले. डब्यातलं वरण सांडलं, आणि नेमकं वहिनींच्या डब्यातलं.

गाडी हलली. मी सवयीने घड्याळ पाहिलं.

"आत्ता सुरू करता का मोजायला?" वहिनी म्हणाल्या. "घरातून निघून लई येळ झाला की."

त्या गावरान आवाजात बोलल्या की सगळा डबा ऐकतो. समोरचे एक आजोबा हसले. मी घड्याळ झाकलं.

मोठ्या स्टेशनवर हिशेबाच्या बाई नव्हत्या, त्या दिवशी त्यांची रजा होती. बाहेर वाळूजला जाणारी शेअर रिक्षा होती. तिच्यात आधीच सहा माणसं. रिक्षावाला म्हणाला, "बैठो आंटी, हो जाती जगा." माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला तोंडावर कोणी आंटी म्हटलं नव्हतं. निम्मी मी आत बसले, निम्मी नगर नाक्याच्या हवेत. वहिनींचा गुडघा कुठेच घडी होईना. शेवटी एका कॉलेजच्या पोरीने उतरून त्यांना कडेची जागा दिली आणि स्वतः पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी टेकली. पुढे रस्त्यावर व्हायची ती गर्दी झालीच, कारण ही रिक्षा काही रुळांवरून चालत नव्हती.

गेटवर पोचलो तेव्हा हजेरीची वेळ होऊन गेली होती. सिक्युरिटीचे काका रजिस्टर उघडून बसले होते.

"मॅडम, तुमी?" त्यांनी वर पाहिलं. "तुमाला लेट मार्क लावायची येळ आजवर आली नव्हती."

"लावा," मी म्हटलं.

माझा लेट मार्क लागला. वहिनींचा अर्धा दिवस गेला, कारण कामगारांना लेट मार्क नसतो, सरळ अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. हा फरक मला माहीत होता. नियम माझ्यासमोरच टाइप झाला होता. वहिनींनी रजिस्टरवर सही केली. डबा पुसून पॅकिंगकडे लंगडत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "चार दिस निभावंल असं. मग काम सोडावंच लागंल. पोरीचं वर्ष तेवढं राह्यलंय."

मी टेबलावर येऊन बसले. वही उघडी होती. सहायक आले, वाकून पाहू लागले. त्यांना दुसऱ्याचा कागद वाचायची सवय नाही, पण तो आता माझा खासगी कागद राहिला नव्हता, मी तो तीन दिवस सगळ्या ऑफिसला दाखवत होते. त्यांनी बोट माझ्या सुंदर रेघेखाली फिरवलं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"ही वेळ कुठून कुठपर्यंतची आहे?"

"स्टेशन ते स्टेशन."

त्यांनी वही माझ्याकडे थोडी सरकवली. ते मवाळ आहेत, हे मी आधी सांगितलंच आहे. मग खाली पाहत म्हणाले, "म्हणजे... गेटपर्यंत पोच धरलेली दिसत नाही."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याचं नाटक केलं. मला राग यायला हवा होता. पण मला आठवलं ते असं की याच सहायकांना मी चार वर्षांपूर्वी याच चुकीसाठी सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि तेव्हा फक्त खोक्यांचा प्रश्न होता. इथं मी तीन पर्याय तोलले होते आणि तिन्ही फक्त स्टेशन ते स्टेशन. माणूस घरातून स्टेशनपर्यंत कसा जाणार आणि स्टेशनपासून कामापर्यंत कसा पोचणार, याचा रकानाच नव्हता. आणि ज्या एका पर्यायात दारातून गेटपर्यंत सगळं धरलेलं होतं, ती बस, ती मी एका ओळीत रद्द करून टाकली होती. स्कूटर माझी होती, मोटार हिशेबाच्या बाईंची होती, म्हणून मला रेल्वे भारी वाटली.

आमच्याकडे चुकीचा तुलना तक्ता रद्द करायची पद्धत आहे. ज्याने सही केली त्यानेच वर लाल शाईने आडवी रेघ मारायची आणि कारण लिहायचं. मी इतरांचे बरेच तक्ते असे रद्द करून घेतले होते. स्वतःचा पहिल्यांदा केला. "तुलना समान अटींवर केलेली नाही. रद्द." आणि सही. ती नेहमीपेक्षा लहान आली.

साहेबांकडे गेले. त्यांनी रेघ पाहिली.

"मॅडम, पण तुमचंच तर टिपण."

"माझंच. चूक माझीच. बस बंद करू नका."

"बंद करायचं कारण तुमचं टिपण एकटंच नाहीये ना. बस निम्मी रिकामी जाते, हे खरं आहे. निम्म्या बसचा करार मी वर कसा पटवू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिना संपायला बारा दिवस होते. मी म्हटलं, "भरून दाखवली तर?"

"कोणी भरायची?"

"ऑफिसने."

साहेब हसले. ऑफिसातलं कोणी त्या बसमध्ये बसत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण त्या न बसणाऱ्यांत बावीस वर्षं मी पहिली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीसमोर उभी राहिले. बस आली. चढले तेव्हा आत एकदम शांतता झाली, मास्तरीण वर्गात आल्यासारखी. वहिनी खिडकीशी होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली नाही. मी मागे, चाकावरच्या सीटवर बसले, जिथं पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येक खड्डा आधी आपल्याला कळतो.

पुढचे दिवस मी माणसं गोळा करत होते. आमच्या भागातून स्कूटरवर येणारी ऑफिसातली माणसं शोधली. प्रत्येकाला हेल्मेट, ऊन, मोंढा नाका याची आठवण करून दिली. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, त्यांचा रस्ता वेगळा. स्टोअरचे दोघे आले, एक डिझाइनची मुलगी आली, सहायक तर राहतात हडकोत, अगदी वेगळ्या बाजूला, तरीही "मॅडम, मी बसच्या रस्त्यावर येऊन चढेन" म्हणाले. त्यांच्या या मवाळपणाबद्दल मी पुन्हा कधी काही बोलणार नाही, असं ठरवलं. अजून पाळलंय, जवळजवळ. जिथं मी पॅसेंजरचं कौतुक ऐकवलं होतं तिथंच आता बसचं ऐकवत होते. लोक म्हणायचे, "मॅडम, गेल्या आठवड्यात तर रेल्वे म्हणत होता." मी म्हणायचे, "गेल्या आठवड्यात मी स्टेशनपर्यंतच पोचले होते."

महिनाअखेरीला साहेब स्वतः गेटवर उभे राहून उतरणारी माणसं पाहत होते. सहा सीट रिकाम्या होत्या. करार वर्षभर वाढला. वर्षभरच, पण वहिनींच्या मुलीला तेवढंच वर्ष हवं होतं.

राहिलं आराखड्यावरचं मत. ते द्यायची मुदत संपायच्या आत आराखड्यावाल्यांनी एक बैठक ठेवली आणि साहेबांनी मलाच पाठवलं, बहुधा शिक्षा म्हणून. पडद्यावर तिन्ही पर्याय रंगीत होते. एका तरुण तज्ज्ञाने विचारलं, "मॅडम, तुमच्या कारखान्याची पसंती कोणती?"

"तिसरी," मी म्हटलं. "अजूनही तिसरीच. पण तुमच्या तक्त्यात आधी एक रकाना वाढवा. घराच्या दारापासून स्टेशनपर्यंत, आणि उतरल्यापासून कामाच्या गेटपर्यंत. स्टेशनवर जिना नको, गाडी कुठल्याही फलाटाला आली तरी उतार हवा. आणि गाडीच्या वेळेला बाहेर बस उभी हवी. हे नसेल तर तिन्ही पर्याय एकाच भावाचे आहेत."

त्याने लिहून घेतलं. निदान पेन हलत होतं. पुढे काय झालं मला माहीत नाही. अजून खांब नाहीत, नवे थांबे नाहीत, आणि जालना रोड जसा होता तसा आहे.

मी मात्र बसने जाते. स्कूटर आता भाजीपुरती. परवा गोलवाडीच्या पुलावर बस अडकली. पुढे ट्रक बंद पडलेला. पुलाखालून पॅसेंजर धडधडत गेली, कोणासाठी न थांबता. मी बघतच राहिले. मला अजूनही ती बघितली की हात घड्याळाकडे जातो.

"गेली की तुमची," पुढच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या.

"जाऊ दे. तिच्यात चढताना वरण सांडतं."

वहिनी वळून माझ्याकडे पाहत होत्या. मग शेजारच्या सीटवरची पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली.

"या हिकडं. चाकावर बसून कंबर जाईल तुमची, मग तुमाला बी जिना चढता यायचा नाय," त्या म्हणाल्या. "या, ताई."